रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग नातीचं पोट रोज सकाळी का दुखतं?

प्रश्न : डॉक्टर, मी आकुर्डीहून लिहितेय, मूळची मिरजेची. माझी नात ९ वर्षांची, चौथीत आहे. जुलैमध्ये तिला जुलाब-उलट्या झाल्या, आठवडाभर शाळा बुडाली. बरी झाली, पण तेव्हापासून रोज सकाळी पोट दुखतं म्हणते. बेंबीपाशी हात धरून वाकून बसते, चेहरा पांढरा पडतो. मी हिंग कालवून बेंबीला लावते, पोट चोळते, ओव्याचं पाणी देते. बस निघून गेली की तासाभरात बरं वाटतं तिला. रविवारी अजिबात दुखत नाही. रक्त, लघवी, शौच सगळं तपासलं, काही निघालं नाही. सोनोग्राफीत पोटात ६ एमएमच्या गाठी आल्यात, एका डॉक्टरांनी टीबीची शंका काढली, आमचे नेहमीचे म्हणाले टेन्शनमुळे आहे. ९ वर्षांच्या पोरीला कसलं आलंय टेन्शन? सून म्हणते नाटकं आहेत, तुम्ही लाडावून ठेवलंय. मुलगा म्हणतो मोठ्या हॉस्पिटलात नेऊन दुर्बिणीतून तपासू. वजन चांगलं आहे, झोप लागते, पण माझ्याजवळच झोपते. दोघं ऑफिसला जातात, दिवसभर मीच असते घरात. आमचे हे गेल्या वर्षी पोटाच्याच कॅन्सरने गेले म्हणून मला जास्तच भीती वाटते. शाळेत पाठवू का नको? आणि ती खोटं तर बोलत नाही ना?
— एक आजी

उत्तर : काकू, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, नात खोटं बोलत नाहीये. तिचं पोट दुखतं, खरंच दुखतं. चेहरा पांढरा पडतो असं तुम्ही लिहिलंय ना, ते तर कुणाला ठरवून आणताच येत नाही, माणूस घाबरला की कातडीकडचं आणि आतड्याकडचं रक्त कमी होऊन हातापायाच्या स्नायूंकडे वळतं, शरीर ते आपलं आपण करतं. तेव्हा सूनबाईंना एवढं नक्की सांगा की हे नाटक नाही. आणि मुलालाही सांगा की आत काहीतरी मोठं लपलंय असंही दिसत नाहीये.

तुमच्या घरात सध्या तीन मतं आहेत आणि तिन्हींमागे समजूत एकच, की दुखणं एकतर शरीराचं असतं नाहीतर मनाचं, आणि मनाचं असलं की ते खोटं. पोटाच्या बाबतीत ही वाटणी चालतच नाही हो. आपल्या अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या भिंतीत १० कोटींहून जास्त चेतापेशी आहेत, आणि ज्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाबद्दल आपण डिप्रेशनच्या संदर्भात ऐकतो त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास आतड्यातच तयार होतं. मेंदू आणि आतडं यांच्यामध्ये व्हेगस नावाची एक लांबलचक नस आहे, तिच्यातून निरोप दोन्हीकडून जातात, आणि गंमत म्हणजे खालून वर जाणारे जास्त असतात. पोट बिघडलं की पोर चिडचिडं होतं आणि पोर घाबरलं की पोट बिघडतं, दोन्ही खरं आहे.

हे काही आजकालचं फॅड नाही बरं का. १८२२ मध्ये अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर एका तरुणाच्या पोटाला बंदुकीची गोळी लागली, तो वाचला पण जठराला पडलेलं भोक शेवटपर्यंत बुजलंच नाही, आणि विल्यम बोमाँट नावाच्या डॉक्टरांनी त्या भोकातून पुढे कितीतरी वर्षं पचन कसं चालतं ते बघितलं. तो माणूस चिडला, वैतागला की पचनात फरक पडतो हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी हे डोळ्यांनी दिसलेलं आहे आणि आपण अजून पोरांना नाटकी म्हणतो.

आता जुलैपासूनच का सुरू झालं? मोठे जुलाब-उलट्या होऊन गेल्यावर बऱ्याच मुलांची आतडी काही महिने फार हळवी राहतात. जंतू गेलेले असतात, तपासणीत काही सापडत नाही, पण नसा सावध झालेल्या असतात. तुम्हाला पटकन कळेल असं सांगते, घरात तान्हं बाळ असलं की सगळं घर घोरत असताना बाळ नुसतं कुसकुसलं तरी त्याची आई जागी होते, आवाज तेवढाच असतो पण तिचा कान तयार झालेला असतो, तसं तिच्या आतड्याचं झालंय. थोडा गॅस, सकाळची आतड्याची नेहमीची हालचाल, जी तुम्हाला-मला जाणवतही नाही, ती तिला कळ म्हणून जाणवते. आणि त्यात भीतीची भर पडली की आणखी.

तुम्ही एकट्या नाही आहात यात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या जॉन अ‍ॅप्ली आणि नोरा नेश या डॉक्टरांनी १९५८ मध्ये १००० शाळकरी मुलांचा अभ्यास छापला, त्यात साधारण दहातल्या एका मुलाचं पोट असं महिनोन्‌महिने अधूनमधून दुखत होतं आणि बहुतेकांत शारीरिक आजार सापडला नाही. अ‍ॅप्लींचंच एक साधं सूत्र आम्ही अजून वापरतो, दुखणं बेंबीपासून जितकं लांब तितकी आजार सापडण्याची शक्यता जास्त. तुमची नात बरोब्बर बेंबीवर हात ठेवते.

त्या गाठींबद्दल बोलू, कारण रिपोर्टात "गाठी" वाचून तुमच्या मनात काय आलं असेल ते मला कळतंय. आतड्याभोवती लसिकाग्रंथी प्रत्येकाच्या पोटात असतात, जंतूंशी लढायचं कामच त्यांचं. लहान मुलांमध्ये त्या सोनोग्राफीत सर्रास दिसतात, काहीही न दुखणाऱ्या धडधाकट मुलांमध्येसुद्धा. आडवी रुंदी ८ एमएमच्या आतली असेल तर साधारणपणे ते नॉर्मलच धरतात. तिच्या ६ एमएमच्या आहेत आणि दोन-तीन महिन्यांपूर्वी जुलाब होऊन गेलेत. ताप नाही, वजन उतरलेलं नाही, घरात कुणाला टीबी नाही (हे असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा), मग नुसत्या या गाठींवरून टीबीची सहा महिन्यांची औषधं सुरू करू नका. मला याचा फार राग येतो, असल्या गाठींवर कितीतरी मुलांना उगाच औषधं चालू होतात आणि आईवडलांची झोप जाते ती वेगळीच.

दुर्बिणीचीही सध्या गरज वाटत नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, शौचातून रक्त, सारखी उलटी आणि त्यातही हिरवी, वजन घटणं किंवा उंची वाढायची थांबणं, कारण न कळणारा ताप, सांधे सुजणं, गिळायला त्रास, तोंडात परत परत फोड येणं, दुखणं कायम उजव्या बाजूला असणं, घरात आतड्याच्या सुजेचा नाहीतर सिलिॲकचा (गहू न सोसण्याचा) आजार असणं, यातलं काहीही असेल किंवा पुढे दिसलं तर लगेच दाखवा, वाट बघू नका. हिरवी उलटी झाली किंवा दुखणं एकाच बाजूला सरकून वाढत गेलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. यातलं काहीच नसेल तर डॉक्टर बदलत राहू नका. प्रत्येक नवी तपासणी मुलीला हेच सांगते की माझ्यात काहीतरी भयंकर आहे, मोठ्यांना अजून सापडत नाहीये.

आणि आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात आजोबांबद्दल एकच ओळ आहे आणि तीही तुमच्या भीतीबद्दलची. नातीला तेव्हा काय दिसलं असेल याचा विचार करा ना जरा. आजोबांच्या पोटात दुखायचं, आजोबा दवाखान्यात गेले, सोनोग्राफी झाली, मोठी माणसं दार लावून कुजबुजत होती, आणि आजोबा गेले. जुलैमध्ये तिच्या स्वतःच्या पोटात दुखलं, तिलाही दवाखान्यात नेलं, तिचीही सोनोग्राफी झाली, गाठी निघाल्या म्हणून मोठी माणसं परत कुजबुजायला लागली. ९ वर्षांचं मूल यातून काय समजेल? तुम्ही विचारलंत कसलं टेन्शन, मला वाटतं हे असू शकतं. लांबून मी छातीठोक सांगू शकत नाही, पण आणखी एक गोष्ट त्याच दिशेची आहे, ती रात्री तुमच्याजवळच झोपते आणि रविवारी तुम्ही समोर असता तेव्हा दुखत नाही. मुलांना बरेचदा स्वतःपेक्षा घरातल्या माणसाची भीती असते, मी शाळेत गेले आणि इकडे आजीला काही झालं तर. हे त्यांना शब्दांत सांगता येत नाही, बस यायची वेळ झाली की पोटात गोळा येतो, तो मात्र सांगता येतो.

म्हणून तिच्याशी आजोबांबद्दल बोला. "देवाघरी गेले" एवढ्यावर थांबू नका. सरळ सांगा की आजोबांना जो आजार झाला तो वेगळा होता, तो मोठ्या माणसांना होतो, तुझं पोट त्या आजाराने दुखत नाही, डॉक्टरांनी नीट तपासलंय आणि त्या गाठी सगळ्या मुलांच्या पोटात असतात. सांगताना तुमचा आवाज भरून आला तरी चालेल, रडू आलं तरी चालेल, लपवलेलं रडू मुलांना जास्त घाबरवतं. ती कदाचित विचारेल, आजी तू पण मरशील का? तेव्हा "छे, मी कुठे जातेय" म्हणू नका, तिला ते खोटं आहे हे माहीत असतं. सगळेच कधीतरी जातात, पण आत्ता माझी तब्येत चांगली आहे, बीपीची गोळी मी वेळेवर घेते (घेत असाल तर), तू शाळेत असतेस तेव्हा मी घरात माझी कामं करते आणि तू यायच्या वेळेला खाली बसपाशी उभी असते, आणि तुझे आईबाबा आहेतच, असं म्हणा.

बाकीची कारणंही बघून घ्या, एकाच गोष्टीवर अडकून चालणार नाही. "तुला टेन्शन आहे का" असं समोर बसवून विचारलं तर कुठलंही मूल नाही म्हणतं. शेंगा सोलताना, वेणी घालताना आडून विचारायचं, बसमध्ये कोण बसतं शेजारी, डबा कुणाबरोबर खाते, कुठला तास संपता संपत नाही, मोठ्याने वाचायला लावलं तर कसं वाटतं. कुणी चिडवतं का, मारतं का, नको तिथे हात लावतं का, हेही शांतपणे विचारायला हवं, आणि असं काही निघालं तर आधी ते थांबवायचं, पाठवणीचं नंतर. १०९८ वर मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. शाळेतल्या बाथरूमबद्दल मुद्दाम विचारा. कडी नाही, पाणी नाही, वास येतो म्हणून आपल्याकडच्या कितीतरी मुली सकाळपासून दुपारपर्यंत सगळं धरून ठेवतात, पाणीसुद्धा पीत नाहीत, मग शौच कडक होतं, दुखतं म्हणून आणखी धरून ठेवतात, आणि रोज थोडीशी होत असली तरी आत साठत जातं. जुलाबाच्या वेळी शाळेत कपडे खराब झाले होते का तेही हळूच काढा. बद्धकोष्ठ असेल तर त्याचं औषध डॉक्टर देतील, घरी एवढंच करा की शाळेतून आल्यावर खाणं झालं की दहा मिनिटं पायाखाली पाट घेऊन तिला टॉयलेटवर बसू द्या, जेवणानंतर आतडं आपसूक हलतं, त्याचा फायदा घ्यायचा.

शाळेत पाठवायचं का? हो, पाठवायचं. ताप नाही, उलटी नाही, जुलाब नाहीत तर दुखत असलं तरी जायचं. हे ऐकायला निर्दय वाटतं, मला माहितीये. पण घरी राहिल्यावर तासाभरात पोट थांबतं म्हणजे तिच्या शरीराला रोज एकच धडा मिळतोय, की न गेल्यानेच मी वाचले, आणि दुसऱ्या दिवशी भीती आणखी मोठी होऊन येते. जितके दिवस मोडतील तितकं परत जाणं अवघड. फारच खाडे झाले असतील तर मुख्याध्यापकांशी बोलून पहिला आठवडा अर्धा दिवस पाठवा, पण रोज. बाईंना सांगून ठेवायचं की पोट दुखलं तर दहा मिनिटं सिकरूममध्ये पडू द्या आणि परत वर्गात पाठवा, घरी फोन नको, आणि टॉयलेटला जायचं म्हणाली तर अडवू नका. एखाद्या दिवशी घरी राहिलीच तर तो दिवस कंटाळवाणा जाऊ दे, अंथरुणात पडून राहायचं, टीव्ही नाही, मोबाइल नाही, आजीच्या हातची गरम पोळी-तूप-गूळही नाही.

आता हिंगाचं. काकू, हे तुम्हाला लागेल, पण ऐका. अमेरिकेत नॅशव्हिलच्या लिन वॉकर आणि त्यांच्या टीमने २००६ मध्ये एक प्रयोग छापला. मुलांना पोट तट्ट होईपर्यंत पाणी प्यायला लावलं, म्हणजे पोटात अस्वस्थ व्हायलाच हवं. काही आईवडलांना सांगितलं की मुलाच्या दुखण्याकडे लक्ष द्या, विचारपूस करा, काहींना सांगितलं दुसऱ्या विषयावर बोला, आणि काहींना काहीच सांगितलं नाही. ज्यांना काही सांगितलं नव्हतं त्यांच्या मुलांपेक्षा लक्ष देणाऱ्यांच्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या आणि विषय बदलणाऱ्यांच्या मुलांच्या निम्म्यावर आल्या. आणि मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पोटदुखीवाल्या मुलांच्या पालकांना वाटत होतं की विषय बदलला तर मुलाला वाईट वाटेल, पण मुलांना उलट त्यानेच बरं वाटलं.

तुम्ही लाडावून आजार केलात असा याचा अर्थ मुळीच नाही. तुमच्या मायेची तिला गरज आहे, फक्त ती पोटाच्या वाटेने यायला नको. सकाळी उठल्याउठल्या "कसं आहे गं पोट" हे विचारणं आजपासून बंद. तिने सांगितलं तर एकदाच म्हणायचं, हो गं, दुखतंय, कळतंय मला, थांबेल थोड्या वेळाने, चल वेणी घालू. तेवढंच. हिंग लावायचा तर संध्याकाळी, न दुखताना, तेल लावतो तसा, हसतखेळत. सकाळी नाही. पोट चोळणं, मांडीवर घेणं, गोष्ट सांगणं, हे सगळं ती शाळेतून आल्यावर भरभरून करा, म्हणजे आजीची माया दुखलं म्हणून मिळत नाही हे तिला कळेल.

आणि बसपर्यंत सोडायला निदान पहिले काही आठवडे तुम्ही जाऊ नका, आईने नाहीतर बाबाने जावं. तुमचाच हात सोडणं तिला सगळ्यात जड जातंय, त्यामुळे तो निरोप घरात दारापाशीच, एक पापा आणि टाटा, लांबण लावायची नाही. सूनबाईंना हे काम तुम्ही स्वतः सांगा. तिचं चिडणं मला समजतं हो, रोज सकाळी ऑफिसच्या घाईत हे चालतं आणि पोरगी आजीकडेच धावते, कुठल्याही आईला ते टोचेल. झोपताना गोष्ट आईने सांगायची एवढं जरी सुरू केलं तरी फरक पडेल.

श्वासाचा एक साधा व्यायाम दोघींनी मिळून करा, उताणं झोपून पोटावर एखादं हलकं खेळणं ठेवायचं, नाकाने श्वास घेताना ते वर गेलं पाहिजे, तोंडाने हळूहळू सोडताना खाली, सोडायला जास्त वेळ. रात्री पाच मिनिटं. शिकायचं शांत असताना, तरच सकाळी उपयोगी पडतं. एवढ्याने भागलं नाही तर मुलांबरोबर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, विचार आणि सवयी बदलायच्या थेरपीचा अशा पोटदुखीत चांगला उपयोग होतो. डोळे मिटून शांत कल्पना करायला शिकवणाऱ्या संमोहन उपचाराचाही होतो, नेदरलँड्समध्ये २००७ साली छापलेल्या एका अभ्यासात त्यातली ८५ टक्के मुलं वर्षभरानंतर बरी होती आणि नेहमीच्या उपचारातली २५ टक्के. मुलं ५३च होती, पण फरक बघा केवढा आहे. दूध बंद, गहू बंद, अमुक बंद असले प्रयोग तपासणीशिवाय करू नका, आधीच घाबरलेल्या मुलीला अन्नाचीही भीती बसते.

पहिले आठ-दहा दिवस दुखणं वाढेल, ती रडेल, तुम्हाला पाझर फुटेल. त्या दिवसांत तिघांनी एकच बोलायचं. दुखणं किती हे मोजू नका, शाळा किती दिवस झाली ते कॅलेंडरवर सूनबाईंनी लिहावं, नातीला न विचारता. आधी शाळा सुरळीत होते आणि पोट मागून थांबतं, हा क्रम लक्षात ठेवा. दोन महिन्यांत फरक नसेल तर हेच पत्र घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, त्यांनी बरोबर ओळखलंय, फक्त समजावून सांगायला त्यांना वेळ मिळाला नसावा.

राहता राहिलात तुम्ही. जोडीदार जाऊन वर्ष होतंय आणि दिवसभर घरात एकट्या आहात. पोटात काही दुखलं-खुपलं की तुमच्याही काळजात धस्स होतं आणि ते ती तुमच्या चेहऱ्यावर वाचते. तुमची स्वतःची एकदा तपासणी करून घ्या, आणि ती केलीय हे तिला सांगा. बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलतात. मिरजेला भजनाला, देवळात जात असाल तर आकुर्डीतही मंडळं आहेत, दुपारचं जायला लागा आणि संध्याकाळी नातीला तिथल्या गमती सांगा, तिला आजीची राखण करत बसावं लागणार नाही. सुरुवात येत्या सोमवारपासून करा, आणि त्याआधी रविवारी मुलाला आणि सुनेला समोर बसवून हे सगळं वाचून दाखवा, नात खाली खेळायला गेली असताना.